विहिणीच्या दारात मुकी

रिठदमध्ये कोणाची म्हैस कोणाच्या हरभऱ्यात शिरली, की भांडणारी माणसं आधी रंगूबाई ओट्यावर बसली आहे का, हे बघून घ्यायची. बसलेली असली तर दोघंही आवाज खाली आणत. कारण रंगूबाई मधे पडली की म्हैस बाजूला राहायची, हरभरा बाजूला राहायचा आणि दोन्ही घरांच्या आज्या-पणज्यांचा उद्धार व्हायचा. शाळा चौथीतच सुटलेली, पण बोलण्यात तिला अडवील असा मास्तर अजून वाशीम जिल्ह्यात नेमला गेला नव्हता. गल्लीत ख्रिस्ती घर तिचं एकटीचं. तरी लग्न असो, बारसं असो, सोसायटीची निवडणूक असो, रंगूबाईला विचारल्याशिवाय पान हलत नसे. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? नवरा लवकर गेला. तिनं सोयाबीन पेरलं, विकलं, पोराला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि हे सगळं जिभेच्या जोरावर केलं. तिच्या जागी एखादी मऊ बोलणारी असती तर शेजाऱ्यांनी बांध कोरून कोरून तिचं शेत नाल्यात ढकललं असतं.

एवढंच, की बांधावरून घरी आल्यावर बाई चपला बाहेर काढायची आणि जीभ तशीच आत न्यायची. घरातली माणसं सोलून निघत होती हे तिला ठाऊक नव्हतं, कारण कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

मार्चमधली गोष्ट. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते, ज्यांना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लेंट म्हणतात. त्या आठवड्याची संगती, म्हणजे घरोघर होणारी प्रार्थनासभा, रंगूबाईच्या घरी होती. आजूबाजूच्या गावांतली ख्रिस्ती कुटुंबं जमली, गाणी झाली, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेनंतर चहा, आणि चहा सुनेकडे. सुनेचं नाव निकिता. मानोऱ्याकडच्या तांड्यातली, बंजाऱ्यांच्या घरातली. त्या तांड्यात काही घरं प्रभूला मानणारी, त्यातलंच तिचं माहेर. बोलणं कमी, काम नेटकं. तिनं गॅसवर दूध ठेवलं, आणि प्रार्थना सुरू झाली तशी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून डोळे मिटले.

प्रार्थना लांबली. पाऊसपाणी झालं, आजारी माणसं झाली, दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंतचे सगळे अधिकारी झाले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, फक्त रंगूबाईचा एक उघडा. प्रार्थनेत खरोखर डोळे कोण मिटतं, यावर ती तेवढं लक्ष ठेवायची. त्या उघड्या डोळ्याला दूध वर येताना दिसलं.

"डोये मिटून काय उभी राह्यली व," रंगूबाई कडाडली, "दूध चाललं तिकडं. तुह्या मायनं तुले चूल दाखवली होती का नुसतं नाचाले शिकवलं?"

पाळकसाहेबांचं आमेन वाक्याच्या मधेच पडलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. निकितानं गॅस बंद केला, ओटा पुसला, उरल्या दुधात पाणी वाढवून सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी लहानग्या वैभवीला कडेवर घेऊन, "होळीले मायकडं जातो," एवढंच म्हणाली आणि वाशीमच्या एसटीत बसली.

होळी झाली, धुळवड झाली. तांड्यातली होळी मोठी असते, म्हणून रंगूबाईनं आणखी थोडे दिवस सोडले. निकिता आली नाही.

राजपाल, रंगूबाईचा एकुलता एक, रिसोडच्या बाजारात एका अडत्याकडे कामाला होता. एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "माय, मी रिसोडले खोली पाहून राह्यलो."

"कोणासाठी?"

"आमच्या तिघांसाठी. निकिता म्हणते, तिथं येतो, रिठदले नाही येत."

"अन् मी?"

राजपालनं भाकरीचा तुकडा मोडला, आणि नुसता मोडतच राहिला. "तुलेबी ये म्हटलं असतं, माय. पण मंग खोली कायले पाह्याची?"

त्या रात्री रंगूबाईला जेवण गेलं नाही. वैभवी नुकती बोलायला लागली होती. आजीला ‘अंगू’ म्हणायची. अख्ख्या गावात रंगूबाईला अंगू म्हणून जिवंत परतणारं ते एकच माणूस. ते रिसोडला जाऊन राहणार, आणि इथं चार खोल्यांत रंगूबाईनं भिंतींशी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं तडक पाळकसाहेबांच्या गावी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. रविकांत पाळक तरणे होते, पण मुरलेले. रंगूबाईला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः दाराच्या जवळच्या स्टुलावर बसले.

"पाळकसाहेब, या रविवारी सुनांवर उपदेश करा," रंगूबाई म्हणाली. "सासूचं ऐकावं म्हणून शास्त्रात कुठी ना कुठी असंनच. अन् राजपाल समोर बसंन असं पाहा."

"करू," पाळकसाहेब म्हणाले. "पण मले सांगा, यंदा लेंटमध्ये तुमी काय सोडलं?"

"मटण. दरसाल सोडतो. शेजारी रस्सा शिजला तरी तिकडं नाक वळवत नाही. बाकीच्याईसारखं नाही आपलं, का उपास उपास म्हणाचं अन् वाशीमले जाऊन हाटेलात बसाचं."

"म्हणजे तुमी बकऱ्याले सोडलं," पाळकसाहेब म्हणाले, "सुनेले नाही सोडलं."

रंगूबाई उठली. फाटकापर्यंत गेली. तिथं उत्तर सुचलं म्हणून परत आली. "बकऱ्यानं कधी माह्यं दूध उतू जाऊ नाही देल्लं."

पाळकसाहेब मनापासून हसले. रंगूबाईलाही बरं वाटलं, म्हणून ती पुन्हा बसली. मग ते हळूच म्हणाले, "रंगूबाई, प्रभूले पकडून नेलं, चार लोकांत मारलं, तोंडावर थुंकले, त्याची टिंगल केली. तो एक शब्द उलटून बोलला नाही. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं का?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारला असता तर त्यानं मान डोलावली असती आणि चहा पिऊन घरी गेला असता. रंगूबाई मात्र या धंद्यातली जाणती. अचूक उत्तर ओठावर आलेलं असताना ते आत ठेवणं म्हणजे काय ओझं असतं, हे तिला कळत होतं. तिनं ते आयुष्यात एकदाही उचललं नव्हतं. ज्याच्याजवळ सगळ्यांना पुरून उरेल असं उत्तर होतं, तो उभा राहिला आणि गप्प राहिला. ती एसटीत बसून घरी येईपर्यंत हेच घोळवत राहिली. मटण सोडणं काय, तिच्या तोंडात दातच किती उरले होते.

तिनं ठरवलं. मानोऱ्याला जायचं, सुनेला आणायचं, आणि विहिणीच्या घरी कोणी काहीही बोललं तरी उलट शब्द काढायचा नाही. उपास करावा तर त्याची दवंडी पिटू नये, हेही तिनं उपदेशात ऐकलं होतं. म्हणून राजपाललासुद्धा सांगितलं नाही. फक्त पदराच्या गाठीत लवंगा बांधून घेतल्या. उत्तर वर आलं की लवंग चावायची, जिभेला दुसरं काम मिळेल.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निकिताची आई धनीबाई हीसुद्धा साधी बाई नव्हती. आमच्याकडे विहिणी-विहिणींनी एकमेकींना टोमणे मारायचे असतात, तो मानच असतो. पण या दोघींनी निकिताच्या लग्नात जे केलं ते वेगळंच. मांडवात एक बोलली की दुसरी चढायची, दुसरी बोलली की पहिली. पंगत वाढून गार झाली तरी वऱ्हाडी जेवायला बसेनात, कारण कोणाला एक वाक्य चुकवायचं नव्हतं. तांड्यातली माणसं अजून त्या लग्नातलं जेवण आठवत नाहीत, टोमणे आठवतात. तेव्हापासून रंगूबाई तांड्यात आली की बाया हातातलं काम टाकून धनीबाईच्या अंगणाच्या कडेला येऊन बसायच्या.

मायलेक सकाळच्या एसटीनं निघाले. वाशीमला गाडी बदलली. तिथं एका बाईनं रंगूबाईच्या रुमाल टाकलेल्या जागेवर आपलं गाठोडं ठेवलं आणि वर म्हणाली, "रुमाल टाकल्यानं जागा होत असती तं मी लुगडं अंथरलं असतं." राजपालनं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही म्हणून उघडले. त्याची आई दांड्याला धरून उभी होती आणि काहीतरी चावत होती.

"माय, बरं वाटून राह्यलं ना?"

रंगूबाईनं मान हलवली. राजपालला घाम फुटला.

मानोऱ्याहून जीपनं ते तांड्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. धनीबाई अंगणात उभी. रंगूबाईला बघताच तिनं कमरेवर हात ठेवले, डोळे चमकले. अंगणाच्या कडेला बाया येऊन टेकल्याच होत्या.

"या, या इहीणबाई," धनीबाई म्हणाली. "रिठदची तोफ आली व बायांनो. गोळे संगं आणले का मांगून बैलगाडीनं येऊन राह्यले?"

रंगूबाईच्या आत उत्तर तयार होतं: गोळे कायले आणू, तुमच्या हातचे लाडू हायेत ना. तिनं लवंग चावली आणि हसून, मंडळीत एकमेकांना म्हणतात तसं, "सलाम" म्हणाली.

बाया थांबल्या. धनीबाई थांबली. सलाम ही काय उत्तर द्यायची रीत झाली?

"पिशवीत काय हाये?" धनीबाईनं पुन्हा सुरुवात केली. "कुरड्या? बरं केलं. आमच्या घरच्या काड्या सरल्याच होत्या चूल पेटवाले."

चूल पेटवाले तुमाले काड्या कायले लागते, तोंड फिरवलं का पेटते. लवंग.

"बसा. खाटीवर बसता का मानोऱ्यावून सिंहासन मागवू?"

सिंहासन राहू द्या, तुमच्या खाटीचे ढेकूण राजापरसबी जुने हायेत. हे उत्तर इतकं चांगलं होतं की ते गिळताना रंगूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुकाट्यानं खाटेवर बसली.

कडेच्या बायांमधली मोतीबाई दुसरीच्या कानात कुजबुजली, "हे तीच हाये ना?"

निकिता आतून आली, पाण्याचा तांब्या दिला, खाली बघून परत गेली. वैभवी झोपलेली होती. रंगूबाईला सुनेशी बोलायचं होतं, पण काय बोलायचं हे तिनं ठरवून आणलंच नव्हतं. तिनं फक्त काय बोलायचं नाही तेवढं आणलं होतं.

जेवायला वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. धनीबाई स्वतः वाढायला बसली, आणि आता तिच्या आवाजात थोडी घाई होती, जसं पंप सुरू होत नसला की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. "आमच्या भाकरी जाड लागतीन तुमाले. रिठदच्या भाकरीतून म्हणतात पलीकडचं गाव दिसते." रंगूबाई जेवत होती. "मीठ कमी पडलं असंन तं सांगा, तुमचं काय, तुमी तोंडातूनच घालता." रंगूबाईनं भाजी पुन्हा घेतली. लवंगांनी जीभ बधिर झालेली, त्यामुळे तिचं हसू एका बाजूला सरकलं होतं. धनीबाईनं ते हसू बघितलं आणि तिच्या हातातली पळी तिथंच थांबली.

ती आत गेली. नवऱ्याला, उदयसिंगला, तांड्याच्या बोलीत भराभर काही सांगितलं. राजपाल बायकोच्या संगतीनं ती बोली थोडी शिकला होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. धनीबाई सांगत होती: इहीण उलटून बोलत नाही. नुसती हसते. ही पोरीला न्यायला आलेली नाही, ही सोयरीक तोडायला आली.

आणि खरंच, तिचं काय चुकलं? जी बाई मांडवात दुपारभर थकली नाही, ती आज दारात आलेल्या टोमण्याला हात लावत नाही, म्हणजे नातंच ठेवायचं नाही, असाच अर्थ होतो. ज्याच्याशी संबंध ठेवायचा त्यालाच माणूस बोलतो. आतून निकिताचा हुंदका ऐकू आला. कडेच्या बाया एकेक करून उठल्या. तमाशा बघायला आलो आणि मयतीत बसलो, असं झालं त्यांना.

थोड्या वेळानं उदयसिंग डोक्याचा फेटा नीट करत बाहेर आला. त्याच्यासोबत इंद्रभान होता, तांड्यातल्या छोट्या मंडळीचा वडीलमाणूस. रविवारचा सदरा घालून, शास्त्र म्हणजे बायबल फडक्यात गुंडाळून काखेत घेऊन आला होता. दोघं रंगूबाईसमोर जमिनीवर बसले.

"बाई," इंद्रभान म्हणाला, "नातं देवानं जोडलं हाये. तोडाचंच असंन तं चार लोकांत कारण सांगा. पोरीचं काय चुकलं?"

तोडायचं कोणी म्हटलं? रंगूबाईनं राजपालकडे बघितलं. राजपालनं हात जोडले होते, कोणाकडे बघून ते त्यालाही माहीत नसावं.

तेवढ्यात धनीबाई पुढे आली. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. "मी दारातच वंगाळ बोलली, इहीणबाई. माही चूक झाली. त्याची सजा पोरीले देऊ नका."

आता ऐका, रंगूबाईच्या मनात काय आलं. पहिल्यांदा आनंद आला. लग्नापासून जी विहीण हरली नव्हती ती आज, तोंडही न उघडता, पायाशी येऊन बसली. तांड्यानं बघितलं. ही गोष्ट रिठदपर्यंत जाईल. रंगूबाई त्या आनंदात अगदी पाठ टेकून बसणार, इतक्यात तिला दारात निकिता दिसली. डोळे लाल, हातात वैभवीचं दुपटं, आणि आईनं मान खाली घातलेली बघून तिचा चेहरा असा झाला होता, जसा त्या दिवशी दूध पुसताना झाला होता.

रंगूबाईला तेव्हा कळलं की तिनं जीभ आवरली, गर्व नाही आवरला. त्यालाच बसायला मोठी जागा करून दिली. अख्खी सकाळ ती गप्प राहिली ती सुनेसाठी नव्हे. बघा, मी किती सोसते, हे तिला कोणालातरी दाखवायचं होतं. लोकांना सांगायचं नाही म्हणून देवाला तरी. आणि पाळकसाहेब दरसाल उपदेशात सांगायचे ते पुढचं तिला आठवलं. प्रभू गप्प राहिला हे खरं, पण मुका राहिला नाही. क्रुसावर खिळे ठोकल्यावर तोंड उघडलं, ते ठोकणाऱ्यांना माफ कर म्हणून. उलटं बोलायचं ते आत ठेवलं, आणि बोलायला जड ते बोलला. रंगूबाईनं अर्धंच उचललं होतं, आणि तेही हलकं अर्धं.

तिनं तोंडातली लवंग काढून टाकली.

"इंद्रभानभाऊ, मी तोडाले नाही आलो. सुनेले नेवाले आलो." तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, त्यामुळे उठून गेलेल्या बाया परत जवळ आल्या. "अन् धनीबाई, तुमी उठा. तुमचं काही नाही चुकलं. मान वर करा आधी, मले नाही पाह्यवत."

मग ती निकिताकडे वळली.

"निकिता. त्या दिवशी संगतीत, चार लोकांत, मी तुह्या मायचं नाव घेऊन बोललो. ते मी बोलाले नोको होतं. तू प्रार्थनेत उभी होती. खरी प्रार्थना तूच करून राह्यली होती तिथं. मले माफ कर..."

इथं वाक्य संपलं. म्हणजे संपायला पाहिजे होतं. पण रंगूबाईच्या जिभेला एक सवय होती, की कबुलीच्या मागं लगेच ‘पण’ यायचा. तो आला. पण दूध ठेवल्यावर लक्ष द्यावं. पण मोठ्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो. पण तूही सांगून जायला पाहिजे होतं. तिन्ही पण रांगेत उभे होते, आणि तिन्ही खरे होते. ओठ हललेसुद्धा. राजपालनं ते हललेले बघितले आणि श्वास धरला. सकाळपासून गिळलेली सगळी उत्तरं एका बाजूला, आणि हा एवढासा शब्द एका बाजूला. रंगूबाईनं मनात एकच म्हटलं, प्रभू, हा तू धर, माह्याच्यानं नाही होत. आणि तोंड मिटलं.



"आत्याबाई," निकिता म्हणाली. तिचा आवाज अंगणात कोणी एवढा स्पष्ट ऐकला नव्हता. "मले बोलता ते मी ऐकतो. तेवढं घरात होते. मायले बोलल्या ते ऐकल्या जात नाही."

"नाही बोलन," रंगूबाई म्हणाली. "पण हे खोटं कायले सांगू का उद्यापासून जीभ मऊ होईल. सुटंन कधी. सुटली का तू तिथंच सांगजो. संगतीत असली तं संगतीत, बजारात असली तं बजारात."

"सांगू?"

"सांग म्हणतो ना."

"मंग आताच सांगतो." निकितानं दुपटं खांद्यावर टाकलं. "दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याची भाजी दोनदा घेतली. माह्या मायनं सकाळपासून चुलीपाशी बसून केली. चांगली झाली का वाईट झाली, एक शब्द नाही निघाला तुमच्या तोंडातून."

राजपालनं कपाळाला हात लावला. धनीबाईनं मुलीकडे बघितलं, मग विहिणीकडे. इंद्रभाननं शास्त्र काखेतून काढून मांडीवर घेतलं, वेळ आलीच तर असावं म्हणून. माफी मागणं वेगळं, पण विहिणीच्या हातची भाजी चांगली म्हणणं, तेही तिच्या दारात, तिच्या गावच्या बायांसमोर? असं रंगूबाईच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं.

रंगूबाईनं घसा साफ केला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी विहिरीत उडी मारल्यासारखं म्हणाली, "चांगली झाली होती. माह्यापरस सरस."

बाया उठून उभ्या राहिल्या. मोतीबाईनं तोंडाला पदर लावला.

"काय म्हटल्या?" धनीबाई म्हणाली.

"एकडाव म्हटलं ना."

"एका कानानं ऐकू आलं. दुसऱ्याले पटून नाही राह्यलं." धनीबाईच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. तिनं पदर खाली घेतला आणि हात पुन्हा कमरेवर गेले. "अहो, ऐकलं का, मानोऱ्यावून मंडप आणा. रिठदवालीनं चांगलं म्हटलं, गाव जेवण करू."

"गाव जेवण करा," रंगूबाई म्हणाली, आणि जीभ अशी सैल झाली की तिचं तिलाच बरं वाटलं, "फक्त भाकरी मले करू द्या. तुमच्या भाकरीनं तांड्यातल्या लोकाईचे दात पडले म्हणून तं मंडळीत अर्धे गाणे हवेत जातात."

आधी इंद्रभानच हसला, आणि हसताना त्याच्या तोंडात समोरचे दोन दात नाहीत हे सगळ्यांना दिसलं. मग अंगण जे फुटलं ते आवरेना. धनीबाई हसता हसता ओट्यावर बसली. "आली व माय," ती डोळे पुसत म्हणाली, "माही इहीण आली. मघा कोणाले पाठवलं होतं काय माहीत."

हसण्यानं वैभवी जागी झाली आणि आतूनच रडायला लागली. निकिता तिला घेऊन बाहेर आली. दोन्ही आज्यांनी एकदम हात पुढे केले. निकितानं दोघींकडे बघितलं.

"कोणाजवळच नाही देत," ती म्हणाली. "दोघीईचंबी बोलून झालं का मंग पाहू. लेकरू आताशी बोलाले शिकून राह्यलं, तुमच्यातलं एखादं वाक्य उचललं तं शाळेत नाव नाही घेणार कोणी."

बाया पुन्हा हसल्या, या वेळी धनीबाईवर आणि रंगूबाईवर सारख्याच. रंगूबाईजवळ उत्तर होतं. एक नाही, दोन होती, आणि त्यातलं एक तर वर्षभर गावाला पुरलं असतं. तिनं सुनेच्या तोंडाकडे बघितलं. तिथं लाल डोळ्यांखाली हसू होतं, स्वतःच्या बोलण्याचं पहिल्यांदाच आलेलं. ते पुसायचं कशाला?

रंगूबाई खाटेवर एका बाजूला सरकली. "बस," तिनं हातानं जागा झटकली, "उन्हात उभी नोको राहू. राजपाल, जीपवाल्याले सांग, संध्याकाळी चौघं जाणार. अन् रिसोडची खोली नोको म्हणून फोन कर, का सुनेलेच विचारू आधी?"

"मलेच विचारा," निकिता म्हणाली, आणि बसली.